ह्यूगोसाठी मत कसं द्यायचं: मेंबरशिपपासून शेवटच्या बॅलटपर्यंत सगळं

विज्ञानकथा आणि फँटसी वाचणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना वाटतं की ह्यूगो पुरस्कार म्हणजे अमेरिकेत कुठेतरी पाच-सात परीक्षक बसून ठरवतात, आपण फक्त निकाल वाचायचा आणि पुस्तक मागवायचं. तसं नाहीये. ह्यूगोला परीक्षक मंडळच नाही. त्या वर्षीच्या वर्ल्डकॉन या विज्ञानकथा संमेलनाचा मेंबर झालेला वाचक नॉमिनेशन करतो आणि तोच मत देतो, मग तो सिएटलला राहत असो नाहीतर सांगलीला. पैसे भरले, वाचलं, मत दिलं, बास. पण प्रोसेस नीट कुणी मराठीत सांगत नाही, आणि अर्धी माहिती असली की लोक नेमकं चुकीच्या टप्प्यावर येतात, म्हणजे फायनलिस्ट जाहीर झाल्यावर. माझ्या मते खरी गंमत आणि खरी ताकद त्याच्या आधीच्या टप्प्यात आहे, ते पुढे सांगतोच.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. हा पुरस्कार पहिल्यांदा १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्ल्डकॉनमध्ये दिला गेला, तेव्हा कादंबरीचा मान आल्फ्रेड बेस्टरला मिळाला. १९५४ ला दिलाच नाही, १९५५ पासून मात्र दरवर्षी आहे. नाव ह्यूगो गर्न्सबॅकवरून, ज्याने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केलं. ट्रॉफी म्हणजे एक उभं रॉकेट, त्याचा खालचा बेस दरवर्षी नवीन डिझाइनचा असतो.

वर्ल्डकॉन म्हणजे वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटीचं (डब्ल्यूएसएफएस) वार्षिक संमेलन. ते दरवर्षी वेगळ्या शहरात होतं आणि ते भरवणारी कमिटीही दरवर्षी वेगळी, सगळे व्हॉलंटियर. २०२३ ला चीनमधलं चेंगडू, २०२४ ला ग्लासगो, २०२५ ला सिएटल, २०२६ ला कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम (२७ ते ३१ ऑगस्ट), २०२७ ला मॉन्ट्रियल. कमिटी बदलते म्हणजे वेबसाइट बदलते, लॉगिन बदलतं, तारखा बदलतात. त्यामुळे मागच्या वर्षीचा बुकमार्क उघडून बसू नका, दर वर्षी त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनची साइट नव्याने शोधा.

पायरी १: मेंबरशिप, आणि ती ३१ जानेवारीच्या आत

साइटवर मेंबरशिपचे बरेच प्रकार दिसतील आणि त्यात गोंधळ होतो. मतासाठी आपल्याला लागते ती फक्त डब्ल्यूएसएफएस मेंबरशिप, जिला पूर्वी सपोर्टिंग मेंबरशिप म्हणायचे. किंमत साधारण ५० डॉलर. त्याच्यावरचं जे अटेंडिंगचं जास्तीचं तिकीट असतं ते संमेलनाला प्रत्यक्ष जायचं असेल तरच घ्यायचं. मत द्यायला त्याची काही गरज नाही, आणि ते घेतलं म्हणून मताची किंमत वाढतही नाही.

आता ५० डॉलर म्हणजे आपल्याकडे चार-साडेचार हजारांच्या घरात जातात, वर बँकेचा परकीय चलनाचा चार्ज आणि त्या चार्जवर जीएसटी. ही रक्कम कमी नाही, पण पुढे व्होटर पॅकेटचं वाचा आणि मग ठरवा. पेमेंटच्या आधी एक करा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का बघा, कारण आपल्याकडे नवीन कार्ड येतं तेव्हा ते बहुतेक वेळा बंदच असतात आणि मग पेमेंट फेल होतं आणि माणूस साइटला दोष देत बसतो.

तारखेचं गणित असं. ३१ जानेवारीपर्यंत जो मेंबर झाला त्यालाच त्या वर्षी नॉमिनेशन करता येतं. त्यानंतर झालात तर फक्त फायनल मतदान. आणि अजून एक छान गोष्ट, जी खूप जणांना माहीत नसते: मागच्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचे मेंबरसुद्धा या वर्षी नॉमिनेशन करू शकतात. म्हणजे सिएटल २०२५ ची मेंबरशिप ज्याने घेतली होती त्याला २०२६ च्या ह्यूगोसाठी अ‍ॅनाहाइमला वेगळे पैसे न भरता नॉमिनेशनचा हक्क. फायनल मतदानाला मात्र त्याच वर्षीची मेंबरशिप लागते. एका मेंबरशिपमध्ये दोन वर्षांची नॉमिनेशनं आणि एका वर्षाचं मतदान, असा हिशोब धरा.

नाव खरं टाका, ईमेल तोच टाका जो तुम्ही रोज उघडता. नॉमिनेशनची लिंक, पॅकेटची लिंक, बॅलटची लिंक, सगळं त्याच ईमेलवर येतं आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतं.

पायरी २: काय पात्र आहे ते समजून घ्या

मूळ नियम सोपा आहे, मागच्या कॅलेंडर वर्षात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं काम. २०२६ च्या पुरस्कारासाठी २०२५ मधलं. लेखक कुठल्या देशाचा, पुस्तक कुठल्या भाषेतलं, याची अट नाही.

लिखाणाच्या कॅटेगरी शब्दसंख्येवर ठरतात. ७,५०० शब्दांच्या आत शॉर्ट स्टोरी, ७,५०० ते १७,५०० नॉव्हेलेट, १७,५०० ते ४०,००० नॉव्हेला, त्याच्या वर नॉव्हेल. सीमेवरचं काम असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला थोडं इकडेतिकडे सरकवायचा अधिकार असतो, त्यामुळे दोन-चारशे शब्दांवरून डोकं खाजवू नका. बेस्ट सिरीजसाठी किमान तीन भाग आणि एकूण २,४०,००० शब्द लागतात, आणि मागच्या वर्षी त्यातला निदान एक भाग आलेला असला पाहिजे.

सिनेमा-सिरीजसाठी ड्रॅमॅटिक प्रेझेंटेशनच्या दोन कॅटेगरी, ९० मिनिटांच्या वर लाँग फॉर्म, त्याच्या आत शॉर्ट फॉर्म. सिरीजचा एखादा एपिसोड आवडला तर शॉर्टमध्ये तो एपिसोड टाका, अख्खा सीझन एकसंध कथा वाटली तर लाँगमध्ये टाका. मग ग्राफिक स्टोरी म्हणजे कॉमिक्स, २०२४ पासून गेम्सची कॅटेगरी, रिलेटेड वर्क म्हणजे चरित्र, समीक्षा, अभ्यास वगैरे, संपादकांच्या दोन, चित्रकारांच्या दोन, फॅन रायटर (हौसेने लिहिणारा चाहता), फॅनझीन (चाहत्यांचं हौशी मासिक), सेमीप्रोझीन (अर्ध-व्यावसायिक मासिक), फॅनकास्ट (चाहत्यांचा पॉडकास्ट). बॅलटवर लोडस्टार (किशोरांसाठीचं पुस्तक) आणि अस्टाउंडिंग (नवीन लेखक) हेही दिसतात, ते तांत्रिकदृष्ट्या ह्यूगो नाहीत पण मत तिथेच आणि तसंच द्यायचं. अस्टाउंडिंगला लेखक पहिल्या व्यावसायिक प्रकाशनानंतर दोनच वर्षं पात्र असतो, त्यामुळे कुणी नवीन आवडला असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणून ठेवू नका.

आता भाषेचं, कारण आपल्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. इंग्रजीव्यतिरिक्त दुसऱ्या भाषेत आलेलं काम मूळ भाषेत आलं त्या वर्षी पात्र असतंच, आणि नंतर ज्या वर्षी पहिल्यांदा इंग्रजी भाषांतर येतं त्या वर्षी पुन्हा पात्र होतं. लिऊ त्सिशिन यांची चिनी कादंबरी पुस्तकरूपात २००८ ची, केन लिऊ यांचं इंग्रजी भाषांतर २०१४ चं, आणि २०१५ ला तिला बेस्ट नॉव्हेल मिळालं, ते या नियमामुळेच शक्य झालं. पुढच्याच वर्षी हाओ जिंगफांग यांच्या चिनी नॉव्हेलेटला मिळालं, तेही भाषांतरातूनच. म्हणजे आपल्या एखाद्या दिवाळी अंकात आलेली विज्ञानकथासुद्धा नियमाप्रमाणे ह्यूगोला पात्र आहे! मराठी वाचणारे मेंबर किती, हा प्रश्न आहे, पण दार बंद नाही. आणि इंग्रजीत भाषांतर झालं तर दुसरी संधी. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ इंग्रजीत गेल्यामुळेच अमेरिकन लेखक-संपादक जेम्स गन यांच्या जगभरच्या विज्ञानकथांच्या संग्रहात पोचली. चांगले अनुवादक मिळाले तर आपल्याकडे पाठवण्यासारखं खूप आहे, हे मला मनापासून वाटतं.

भारतातले लोक या जगात नाहीत असंही नाही. मिमी मंडल २०१८ मध्ये रिलेटेड वर्कच्या फायनलिस्ट होत्या. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या मासिकाला २०२४ मध्ये सेमीप्रोझीनचा ह्यूगो मिळाला, त्याच्या संपादक टीममध्ये आपले गौतम भाटिया बरीच वर्षं काम करतायत. श्रीलंकेचे वज्र चंद्रशेखर त्याच वर्षी बेस्ट नॉव्हेलचे फायनलिस्ट होते.

पायरी ३: वाचायचं कसं, आणि खिसा न रिकामा करता

सगळ्या कॅटेगरी भरायच्या हे डोक्यातून काढून टाका. कुणीच सगळं वाचत नाही. कथांपासून सुरुवात करा असं मी प्रत्येकाला सांगतो, त्याची कारणं दोन आहेत. पहिलं, या क्षेत्रातली उत्तम मासिकं ऑनलाइन फुकट वाचता येतात: क्लार्क्सवर्ल्ड, अनकॅनी, स्ट्रेंज होरायझन्स, लाइटस्पीड, बिनीथ सीझलेस स्काइज, आणि रिअ‍ॅक्टर (म्हणजे आधीचं टॉर डॉट कॉम). क्लार्क्सवर्ल्ड तर कथेच्या वरच शब्दसंख्या आणि शॉर्ट स्टोरी की नॉव्हेलेट ते छापतं, त्यामुळे कॅटेगरी शोधायचा त्रास नाही. लोकलमध्ये बसून फोनवर एक कथा आरामात होते.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. कथा इतक्या प्रसिद्ध होतात की नॉमिनेशनची मतं प्रचंड विखुरतात. पूर्वी नियम होता की फायनलिस्ट व्हायला त्या कॅटेगरीच्या निदान ५ टक्के बॅलटवर नाव पाहिजे, आणि कथांना तेवढंही जमायचं नाही, २०१३ मध्ये शॉर्ट स्टोरीत फक्त तीन फायनलिस्ट निघाले आणि २०१४ मध्ये चार. तो नियम पुढे काढून टाकला पण विखुरणं तसंच आहे. याचा अर्थ काय, तर कादंबरीत तुमचं एक नॉमिनेशन हजारांमध्ये एक असतं, कथेत मात्र मोजक्या वाचकांनी एकच कथा मनापासून उचलली तर ती यादीत येऊ शकते. फायनल मतदानात तुम्ही सहातून निवडता, नॉमिनेशनमध्ये ते सहा कोण हे तुम्ही ठरवता. म्हणून म्हटलं ताकद आधीच्या टप्प्यात आहे.

वाचताना लगेच नोंद करा, फोनच्या नोट्समध्ये चालेल: कथेचं नाव, लेखक, कुठे आली, महिना, शब्दसंख्या. मार्चमध्ये आठवून लिहायचं म्हटलं तर एप्रिलमध्ये वाचलेली सुंदर कथा हमखास विसरते. काही शोधायचं असेल तर फेब्रुवारीत लोकस मासिकाची शिफारस यादी येते, आणि डिसेंबर-जानेवारीत लेखक स्वतःच आपलं त्या वर्षीचं काम कुठल्या कॅटेगरीत पात्र आहे ते जाहीर करतात. त्याला जाहिरात म्हणून नाक मुरडू नका, वाचकाला त्याचा खरंच उपयोग होतो. प्रकाशनाचं वर्ष तपासायला आयएसएफडीबी हा विज्ञानकथा-फँटसीचा ऑनलाइन डेटाबेस आहे.

पायरी ४: नॉमिनेशन

साधारण हिवाळ्याच्या शेवटी फॉर्म उघडतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतो, नेमकी तारीख साइटवर बघा. प्रत्येक कॅटेगरीत पाचपर्यंत नावं टाकता येतात, क्रम नसतो, पाचही सारखी. रिकामं सोडलं तरी चालतं. फॉर्म बंद होईपर्यंत कितीही वेळा बदलता येतो, त्यामुळे उघडल्या दिवशीच दोन-तीन नावं टाकून सेव्ह करा आणि मग भर घालत राहा.

‘पाच टाकले तर माझ्या सगळ्यात आवडत्या कथेचं नुकसान होईल का?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मोजणी कशी होते ते कळलं की उत्तर मिळतं. २०१७ पासून ई प्लुरिबस ह्यूगो नावाची पद्धत आहे. प्रत्येक कॅटेगरीत तुमच्याकडे एक पॉइंट. पाच नावं दिली तर प्रत्येकाला ०.२०. मग सगळ्यात कमी पॉइंट असलेली दोन नावं घेतात आणि त्या दोघांपैकी ज्याचं नाव कमी लोकांनी दिलंय ते बाहेर. तुमच्या पाचातलं एक असं गेलं की उरलेल्या चौघांना ०.२५, अजून एक गेलं की तिघांना ०.३३, आणि शेवटी एकच उरलं तर त्याला तुमचा पूर्ण एक पॉइंट. असं करत करत सहा नावं उरेपर्यंत चालतं. म्हणजे जी खरंच आवडली ती सगळी टाका, तुमच्या लाडक्या कथेला तिचं वजन शेवटी परत मिळतं. पण फक्त जागा भरायची म्हणून न वाचलेलं नाव अजिबात टाकू नका.

ही किचकट पद्धत का आणली त्याची कथा आहे. २०१५ च्या आसपास काही गटांनी ठरवून याद्या फिरवल्या, सगळ्यांनी तीच पाच नावं टाकायची, आणि विखुरलेल्या प्रामाणिक मतांपुढे त्या एकगठ्ठा मतांनी कॅटेगरीच्या कॅटेगरी बळकावल्या. जुन्या मोजणीत ते सहज शक्य होतं. नवीन मोजणीत एकच यादी कॉपी करणाऱ्यांचे पॉइंट एकमेकांतच वाटले जातात, त्यामुळे एक-दोन नावं येतील पण सगळी जागा घेता येत नाही. आणि म्हणूनच कुणी तुम्हाला तयार यादी पाठवली, अगदी आपल्या देशाच्या किंवा भाषेच्या प्रेमापोटी पाठवली तरी, ती जशीच्या तशी टाकू नका. त्यातलं वाचा, आवडलं तर टाका.

पायरी ५: फायनलिस्ट आणि व्होटर पॅकेट

मार्च-एप्रिलमध्ये फायनलिस्ट जाहीर होतात, प्रत्येक कॅटेगरीत साधारण सहा. त्यानंतर काही आठवड्यांत व्होटर पॅकेट येतं, आणि पैसे वसूल होतात ते इथे. प्रकाशक आणि लेखक फायनलिस्टची पुस्तकं, कथा, कॉमिक्स डिजिटल स्वरूपात मतदारांना वाचायला देतात. सगळं पूर्ण असतंच असं नाही, काही प्रकाशक फक्त उतारा देतात, आणि पॅकेट द्यायलाच पाहिजे अशी सक्तीही नाही, पण बहुतेक वर्षी सहा नॉव्हेला, सगळ्या कथा, बऱ्याच कादंबऱ्या मिळून जातात. मतदान संपलं की डाउनलोड बंद, त्यामुळे आलं की लगेच उतरवून ठेवा. आणि ते दुसऱ्यांना फॉरवर्ड करू नका प्लीज. प्रकाशकांनी विश्वासाने दिलेलं असतं, तो विश्वास गेला तर पॅकेटच बंद होईल.

क्रम असा ठेवा: आधी सगळ्या शॉर्ट स्टोरी, मग नॉव्हेलेट, मग नॉव्हेला, आणि वेळ उरला तर कादंबऱ्या. कथा आणि नॉव्हेलेट मिळून बारा गोष्टी एका-दोन वीकेंडला होतात, आणि दोन पूर्ण कॅटेगरीत तुमचं मत पक्कं होतं.

पायरी ६: फायनल बॅलट

इथे एका नावावर टिक नसते, पसंतीक्रम द्यायचा असतो, १, २, ३ असा. मोजणी समजून घ्या. समजा १०० मतं आहेत आणि तीन कथा. पहिल्या पसंतीची अ ला ४०, ब ला ३५, क ला २५. अर्ध्याच्या वर कुणीच नाही, म्हणून शेवटची क बाहेर. आता त्या २५ जणांची दुसरी पसंती बघायची, त्यातल्या २० जणांनी ब लिहिलं आणि ५ जणांनी अ. झालं, ब ५५ आणि अ ४५, ब जिंकली. म्हणून दुसरी-तिसरी पसंती नुसती औपचारिकता नाही, बऱ्याचदा निकाल तिथेच लागतो. तुमची पहिली पसंती हरणार असं वाटत असलं तरी तिलाच १ द्या, ती बाद झाली तर मत आपोआप पुढच्याकडे जातं, वाया जात नाही.

यादीत ‘नो अवॉर्ड’ असा एक पर्याय असतो. तो म्हणजे ‘याच्या खालचं काहीही ह्यूगोच्या लायकीचं नाही’ असं तुमचं मत. नुसतं कमी आवडलं म्हणून वापरायचा नाही. चार कथा आवडल्या आणि दोन खरंच पुरस्काराच्या योग्यतेच्या वाटल्या नाहीत, तर चौघींना १ ते ४, नो अवॉर्डला ५, आणि उरलेल्या दोन रिकाम्या सोडा. मोजणीच्या शेवटी अजून एक तपासणी असते, जिंकलेल्या नावाच्या वर नो अवॉर्ड ठेवणारे लोक जास्त निघाले तर पुरस्कार दिलाच जात नाही. हे नुसतं नियमातलं कलम नाही, २०१५ ला पाच कॅटेगरीत मतदारांनी खरंच नो अवॉर्ड दिलं.

जी कॅटेगरी वाचलीच नाही ती पूर्ण रिकामी सोडा. ऐकीव नावावर पसंती देणं म्हणजे ज्याने सहाही वाचून मत दिलं त्याचं मत पुसणं.

डेडलाइन बहुतेक जुलैमध्ये असते आणि ती वर्ल्डकॉनच्या स्थानिक वेळेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९. पण शेवटच्या तासांवर जाऊच नका, तेव्हा साइटवर गर्दी असते. इथेही बॅलट शेवटपर्यंत बदलता येतं, त्यामुळे आत्ता आहे ते भरा आणि नंतर सुधारा.

गैरप्रकारांबद्दल

लोक विचारतात की यात घोळ होत नाही का. झालेत, आणि लपवायचं काही कारण नाही. २०२३ च्या चेंगडू ह्यूगोत आर. एफ. कुआंग यांची गाजलेली कादंबरी आणि आणखी काही नावं नॉमिनेशनची मतं पुरेशी असूनही ‘अपात्र’ ठरवली, कारण न देता. जानेवारी २०२४ मध्ये आकडे बाहेर आल्यावर हे कळलं, फेब्रुवारीत आतले ईमेल बाहेर आले आणि लेखकांची राजकीय पार्श्वभूमी तपासली गेली होती हे दिसलं. फार वाईट वाटलं सगळ्यांना, कारण हा पुरस्कार उभाच आहे तो वाचकांच्या विश्वासावर. पुढच्या ग्लासगोच्या टीमने मात्र उलट वागून दाखवलं. एकूण ३,८१३ मतांपैकी ३७७ मतं एकाच फायनलिस्टला जिंकवण्यासाठी पैसे भरून टाकलेली दिसली, नावंसुद्धा उघड बनावट, ती त्यांनी रद्द केली आणि निकालाच्या आधीच सगळ्यांना सांगितलं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने, स्वतः वाचून.

निकालानंतर पूर्ण आकडेवारी जाहीर होते, कोण कुठल्या फेरीत बाद झालं, आणि थोडक्यात फायनलिस्ट न झालेली नावं कुठली. ती लांब यादी जरूर डाउनलोड करा, त्यात तळाला अशी रत्नं सापडतात जी कुठल्याच दुकानाच्या बेस्टसेलर यादीत येत नाहीत.

पैसे जमत नसतील तर

लोकस अवॉर्डच्या पोलमध्ये मत द्यायला पैसे लागत नाहीत, मेंबर असायची गरज नाही, यादीत नसलेलं नावही स्वतः लिहिता येतं, आणि मतदान एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतं. वर्गणीदाराचं मत दुप्पट धरतात एवढाच फरक. पहिल्या वर्षी फुकट मासिकं वाचा, नोंदी ठेवा, लोकसला मत द्या. त्याच नोंदी पुढच्या वर्षी ह्यूगोलाही कामाला येतील असं मात्र नाही, कारण पात्रता एकाच कॅलेंडर वर्षाची असते, पण कुठलं मासिक आपल्या आवडीचं, कुठला लेखक आपला, हे तोपर्यंत कळलेलं असतं. मग दोघा-तिघांनी ग्रुप करून मासिकं वाटून घ्या, प्रत्येकाने महिन्याला एक कथा बाकीच्यांना सुचवायची, आणि जानेवारी संपायच्या आत ज्याला जमेल त्याने मेंबरशिप घ्यायची.